एका वाड्यातील दोन बिऱ्हाडे



रायपुरात सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सिकल म्हणजे विळा. नाव इतके नेमके असलेले आजार थोडेच. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एक अक्षर बदलते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोलक असा रक्तावाचून राहिला की झिजू लागतो, आणि ऐन विशीतला मुलगा लंगडू लागतो. अशा घरात दोन बातम्या पोहोचतात. बोनमॅरो बदलला की सिकलसेल बरा होतो, ही एक. बोनमॅरोतील स्टेम सेल टोचल्या की हाड नवे होते, ही दुसरी. शब्द तेच, म्हणून उपचारही एकच, असा समज होतो. पहिली बातमी खरी आहे. दुसरीत अर्धवट सत्य आहे, आणि घरची पुंजी बुडते ती अशाच अर्धवट सत्यापायी.

अस्थिमज्जा हा एक वाडा मानला, तर त्यात मूलपेशींची दोन बिऱ्हाडे नांदतात. एक रक्त घडविणाऱ्या पेशींचे. सिकलसेलवर मज्जारोपण करतात तेव्हा हे बिऱ्हाड बदलले जाते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. दुसरे बिऱ्हाड मेसेनकायमल मूलपेशींचे. काचेच्या तबकडीच्या तळाला चिकटून वसाहती करणाऱ्या या पेशी मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी प्रथम वेगळ्या ओळखल्या. त्यांचे आजचे नाव 1991 मध्ये अमेरिकेतील अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केले. या पेशींपासून रक्त होत नाही. होते ते हाड, कूर्चा किंवा चरबी.

या तिघांपैकी काय व्हायचे, हे कोण ठरवते? जनुकांचा संच तर तिन्हींत तोच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक जागे झाले यावर. रंक्स-टू नावाचे जनुक जागे झाले की पेशी हाडाच्या वाटेला लागते. 1997 मध्ये या जनुकावाचून उंदीर जन्माला घालण्यात आले. त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला, हाड बनलेच नाही, आणि जन्मताच श्वासाअभावी ते मेले. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर गळपट्टीचे हाड अपुरे राहते. अशी माणसे दोन्ही खांदे छातीपुढे जवळजवळ भिडवू शकतात. कूर्चेसाठी सॉक्स-नाइन आणि चरबीसाठी पीपीएआर-गॅमा ही अशीच मुखत्यार जनुके. हाडाचा आणि चरबीचा मुखत्यार तर परस्परांना दाबण्यात गुंतलेले असतात.

या जनुकांनाही कोणीतरी उठवावे लागते. ते काम बाहेरच्या संदेशांचे. विंट नावाचे प्रथिन शेजारच्या पेशीकडून येऊन पेशीच्या आवरणावरील ग्राहकाला जुळते. एरवी पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचा निरोप्या तयार होताच नष्ट केला जातो. विंट आले की तो वाचतो, साठतो, केंद्रकात शिरतो आणि रंक्स-टूला जागे करतो. बीएमपी प्रथिनांचा निरोप दुसऱ्या वाटेने त्याच दाराशी पोहोचतो. वाढते वय आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स मात्र तराजू चरबीकडे झुकवतात; हाड विरळ होते, मज्जेत मेद साचतो. 2006 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील एका गटाने, ज्यात आज आयआयटी मुंबईत असलेले शमिक सेन होते, दाखवले की याच पेशी मऊ पृष्ठावर मज्जातंतूंसारखी आणि कठीण पृष्ठावर हाडासारखी लक्षणे दाखवतात. बसायला मिळालेली जागा हाही एक संदेशच.

म्हणूनच केवळ पेशी टोचल्याने हाड होत नाही. झिजलेल्या गोलकात रक्तपुरवठा नाही, योग्य संदेश देणारे शेजारी नाहीत. तिथे गेलेल्या पेशीला वाट दाखवणार कोण? गोलक खचण्याआधी त्याला छिद्र पाडून रुग्णाचीच मज्जा आत सोडण्याची शस्त्रक्रिया अस्थितज्ज्ञ करतात. खचल्यानंतर तिचा उपयोग फारसा उरत नाही. लंगडणे दिसण्यापूर्वी, कंबरेचे वा मांडीचे दुखणे सुरू होताच एमआरआय काढणे महत्त्वाचे, ते यासाठी.

दोन बिऱ्हाडांचा शेजारधर्मही मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे आणि ललिता लिमये यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की तरुण मेसेनकायमल पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका वृद्ध रक्तमूलपेशींना पुन्हा कार्यक्षम करतात. हे संशोधन प्रयोगशाळेतले आहे, दवाखान्यातले नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्तमूलपेशींचे मान्य आजारांसाठीचे रोपण आणि औषध नियंत्रकांनी मंजूर केलेली मोजकी उत्पादने सोडली, तर मूलपेशी रुग्णाला द्यायच्या त्या मंजूर चाचणीतच. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात: पेशी कोणत्या बिऱ्हाडातल्या, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता? तो क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, आणि घरातील शाळकरी मुलालाही तो संगणकावर पडताळून पाहता येतो.