दोन गुणांची चूक

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते पाळी संपल्यावर, रात्रीच्या दिव्यापाशी. तरी परीक्षेसाठी सूत्रे घोकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९०७ साली कॅनडातील क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला. ७५ कामगार मेले. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने मांडला नाही. खालच्या पोलादी तुळया वाकू लागल्याचे आधी दिसले होते. काम मात्र थांबले नाही. उत्तरपत्रिकेत अशा चुकीचे दोन गुण जातात. तेव्हा सूत्र पाठ कराच. पण ते कोणत्या गृहीतावर उभे आहे, हेही विचारा. कारण त्या गृहीताच्या भरवशावर आमची माणसे वर चढलेली असतात.