आपलं जगणं काय सांगतं?

कुणी भाजी निवडता निवडता ऐकत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आपण सगळ्या मिळून एकाच प्रश्नाचा विचार करू. तोंडानं आपण दिवसभर बोलतो, ते लोक ऐकतात. पण आपलं जगणं लोकांना काय सांगत असतं?

हा प्रश्न निघाला की आम्हाला गाडगेबाबा आठवतात. जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा, जवळ फुटकं गाडगं. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. दिवसभर ज्यांनी बाबांना आपल्या दारापुढचा केर काढताना पाहिलं, त्यांना रात्री स्वच्छतेवर वेगळं सांगावं लागत नसे. खराटा आधीच बोललेला असायचा.

बाबांची सुरुवातही घरातूनच झाली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालायची, अशी त्यांच्या जातीत रीत होती. त्यांनी ती मोडली आणि गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला निवारा आणि भुकेल्याला भाकरी देण्यातच त्यांना देव भेटत होता. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले, पण आजही खराटा पाहिला की बाबा आठवतात.

आता आपल्याकडे वळू. आपण काही घरदार सोडून निघणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपलं चुलीपुढचं, शेतातलं, गटातलं वागणंही रोज बोलत असतं, आणि ते सगळ्यात आधी आपली लेकरं ऐकतात. मुलीला आपण सांगतो, "तू कुणापेक्षा कमी नाहीस." आणि दूध आधी मुलाच्या पेल्यात ओततो. मुलगी काय शिकेल? सांगितलेलं की पाहिलेलं?

गटाच्या बैठकीचंही तसंच. आपण म्हणतो, गटात सगळ्या सारख्या. मग सतरंजीवर कोण बसतं आणि दाराशी कोण? कर्ज देताना आधी कुणाचा नंबर लागतो? हिशेबाची वही प्रत्येकीला पाहू देतो का? अंगठा उठवणाऱ्या बाईला आकडा वाचून दाखवतो का? ती वही नुसते पैसे सांगत नाही, आपलं मनही सांगते.

आणि एक अवघड गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की नवरा गेलेल्या मैत्रिणीला आपण बोलावतो का? वर्षभर ती आपल्याबरोबर बचत भरते, खुरपायला येते, आपल्या बाळंतपणात रात्र जागते. त्या एका दिवशी तिच्या दारावरून आपण पुढे गेलो, तर आपल्या वर्षभराच्या प्रेमाचा तिनं काय अर्थ लावायचा?

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा आदर्श सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठराव ही मोठी गोष्ट आहे. पण ठराव काही कुणाच्या कपाळाला कुंकू लावत नाही. त्यासाठी शेजारणीचं बोट पुढे यावं लागतं. काही जणी म्हणतील, "लोक काय म्हणतील?" लोक बोलतील चार दिवस. त्या मैत्रिणीच्या मनात मात्र ती गोष्ट जन्मभर राहील. तिला नको असेल, संकोच वाटत असेल, तर आग्रह धरू नये. पण आमंत्रण तिच्या दारापर्यंत जायलाच हवं.

अध्यात्म म्हणजे डोळे मिटून जप करणं, असं आपल्याला वाटतं. जप करावा, वारी करावी, मन शांत होतं. पण ती शांती घरी सुनेशी बोलताना दिसली पाहिजे, बाजारात तराजू धरताना दिसली पाहिजे, दाराशी आलेल्या माणसाला पाणी देताना दिसली पाहिजे. दिवा घरात लावला तरी उजेड अंगणात पडतोच.

तर मैत्रिणींनो, एक काम देतो. पुढच्या बैठकीत वसुली झाली की पाच मिनिटं गप्प बसा. प्रत्येकीनं मनात म्हणायचं, "आठ दिवस मी एक शब्दही बोलले नाही, तर माझ्या वागण्यावरून लोक मला काय समजतील?" उत्तर कुणाला सांगायचं नाही. फक्त त्यातली एक गोष्ट निवडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती करायला लागायची.