बाणाचा ण, घंटेचा ठ



 बालशिक्षण संमेलनाच्या अध्यक्षाने साऱ्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. मी मात्र आज एकाच पातळशा पुस्तकाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे अंकलिपी. कितीतरी मराठी घरांत मुलाच्या हाती पडणारं ते पहिलंच पुस्तक असतं, आणि त्यातल्या चित्रांचा आपण पुरेसा विचार केलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अ अननसाचा, ग गणपतीचा, ढ ढगाचा. अक्षराला ओळखीचा सोबती जोडून देण्याची ही युक्ती जगभर चालते. १६५८ साली शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसने न्युरेंबर्गला लॅटिन आणि जर्मन भाषांतलं चित्रमय पुस्तक छापलं, त्याच्या सुरुवातीलाच सचित्र वर्णमाला आहे. तिथे बहुतेक अक्षरांसमोर प्राणी आहेत आणि त्या प्राण्यांचे आवाज आहेत. ए या अक्षरापाशी कावळा ‘आ आ’ करतो, बी पाशी कोकरू ‘बे’ करतं, एल पाशी लांडगा ओरडतो. मुलाने आधी तोंडाने आवाज काढायचा आणि त्या आवाजाचं चिन्ह बघायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण आपल्या तक्त्यांवर आजही फारसं दिसत नाही.

आपल्याकडे चित्र अक्षराच्या शेजारी असतं. अशा चित्राचा कितपत उपयोग होतो, याचाच अभ्यास संशोधक लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत केला. वाचायला न लागलेल्या काही मुलांना त्यांनी अशी चित्रं दिली, ज्यांच्या आकारातच अक्षर दडलेलं होतं. एफ हा फुलाचा देठ होऊनच यायचा. काहींना तीच चित्रं वेगळी, अक्षराचा आकार वगळून काढलेली दिली. काहींना चित्रंच दिली नाहीत. ज्यांच्या चित्रात अक्षर मुरलेलं होतं, ती मुलं अक्षर आणि आवाज यांची जोडी अधिक चांगली शिकली. शेजारच्या चित्राचा चित्र नसण्यापेक्षा काही जास्त उपयोग झाला नाही.

आता आपला ठ बघा. आडव्या रेषेखाली टांगलेला एक गोल. जुन्या शाळेच्या व्हरांड्यात टांगलेली पितळेची जाड तबकडी अगदी अशीच दिसायची, आणि तिच्यावर टोला पडला की ‘ठण’ वाजायचं. आकार तोच, आवाज तोच, शिवाय अक्षराला काना-मात्राही नाही. तरी आपण वर्षानुवर्षं ठशाचा ठ गिरवतो. फ च्या उजव्या अंगाला वळलेला भाग म्हणजे नागाने उभारलेला फणा. फणसात तो कुठे सापडणार? ळ तर दोन वेटोळ्यांचाच बनला आहे, आणि वेटोळं म्हणताना तो आपसूक तोंडात येतो.

आवाजाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चमच्याचा च आणि चंद्राचा च एकाच चिन्हाने लिहिले जातात, उच्चार मात्र दोन. चार म्हणून बघा आणि मग गुरांचा चारा म्हणा. ज आणि झ यांचंही तेच. तक्त्यावर चित्र एकच असतं, आणि मूल गोंधळलं की आपण त्याच्या बुद्धीला बोल लावतो. ‘क काकडीचा’ असं लिहिलं की मुलाच्या कानावर का पडतो आणि डोळ्यांपुढे क असतो. ण ने तर मराठीत शब्दच सुरू होत नाही, म्हणून बाणाचा ण. बाकी अक्षरं शब्दाच्या तोंडाशी शोधायची आणि ण, ळ मात्र शेवटी, हे मुलाला सांगायचं राहून जातं. ण वर बोट ठेवून ‘बा’ म्हणणारं मूल इथल्या बहुतेक ताईंनी पाहिलेलं असेल. त्या मुलाचं काहीच चुकलेलं नाही. जो नियम आपण शिकवला, तोच त्याने पाळला.

आणि ही चित्रं कुणाच्या जगातली? ऐरण, उखळ, एडका आज शहरातल्या मुलाने पाहिलेले नसतात. मुलाच्या जगातूनच शिकवण्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभारलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडला दोघींनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं गुरं घेऊन जिथे जात, तिथे शाळा जायची. खडे, पानं, शिंपले हेच त्यांचं साहित्य. या दोघींच्या मोठेपणाचे गोडवे आपण गातो, मग त्यांच्या शाळेच्या अंगणातला हा धडा अंकलिपीत का उतरवत नाही? पालघरच्या मुलाचा म मच्छीचा असेल, लातूरच्या मुलाचा मळ्याचा. एका राज्याला एकच तक्ता पुरलाच पाहिजे, असा हट्ट कशाला?

प्रकाशकांना माझी विनंती आहे की नवी अंकलिपी काढताना चित्रकाराच्या जोडीला एक बालवाडीताई आणि एक उच्चारशास्त्राचा जाणकार बसवा. आणि तुम्हाला विनंती अशी, की दुपारच्या सत्रात भाषणं नकोत. कोरे कागद आणि खडू ठेवले आहेत. प्रत्येक जिल्ह्याने दोन-तीन अक्षरं घ्यावीत, आपापल्या मुलांच्या बोलीतले शब्द आठवावेत आणि अक्षरातून चित्र निघतं का ते काढून बघावं. संध्याकाळी ते सगळे कागद या भिंतीवर लावू आणि जे जमले नाहीत त्यांच्यावर भांडू. च ला दोन चित्रं हवीतच, एवढा आग्रह मी आत्ताच नोंदवतो. ण सर्वांत अवघड आहे, तो कोकणातल्या मंडळींनी घ्यावा. मी ळ घेऊन बसणार आहे.