वडीलधाऱ्यांचा सल्ला
(धनज, जि. वाशिम येथील भाषण)



पदवीधर मुलगा पारावर आला की आपण त्यास सांगतो, 'शेतीत राम नाही, नोकरी धर.' ती कोणती व कशी मिळावी, हे मात्र आपणांसही ठाऊक नसते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरताच प्रथम खराट्याने रस्ता झाडीत. कीर्तनात प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर काढीत. मुलांना शिकवा, कर्ज काढून सण करू नका, हे त्यांचे सांगणे म्हणूनच पटे.

आपणही मुलास आधी विचारावे. सोयाबीनच्या खर्चाची व उत्पन्नाची वही त्याच्यापुढे ठेवावी. घरावरील कर्ज लपवू नये. माझ्या पुतण्यास मीही नोकरीचाच सल्ला दिला. ती वही मात्र दाखविली नव्हती.