बहिऱ्याचा होकार



या सभेत मागच्या रांगांत बसलेल्या काही मंडळींना आमचे हे पहिले वाक्य कळलेले नाही. ध्वनिक्षेपक चांगला आहे, आणि गेटसभांत ओरडून आमचा आवाजही पुरेसा दणकट झालेला आहे. तरीही कळलेले नाही. शेजारचा हसला की ही मंडळी हसतील, टाळ्या पडल्या की टाळी देतील, आणि घरी कोणी विचारले तर 'छान झाले व्याख्यान' म्हणून सांगतील. आजचा विषय त्यांचा आहे.

एक मर्यादा आधीच सांगून टाकतो. जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांची खुणांची भाषा ही व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ सालापर्यंत तिच्या १०,००० शब्दांचा कोश सिद्ध केला. त्या भाषेविषयी बोलण्याचा अधिकार ती बोलणाऱ्यांचा. आम्ही बोलणार आहोत ते आयुष्यभर बोलत-ऐकत असता ज्यांचे कान हळूहळू गेले, त्यांच्याविषयी.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार भरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जो अहवाल काढला, त्यात कानांसाठी उपचाराची वा मदतीची गरज असलेली जगातली माणसे ४३ कोटींच्या घरात धरली आहेत. आपल्या जनगणनेचा आकडा आम्हांस फार थोडा वाटतो. त्याचे कारण साधे आहे. यंत्रमागावर तीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला दारात येऊन कोणी विचारले की 'घरात कोणी बहिरे आहे काय?', तर तो 'नाही' म्हणून सांगतो. कधी लाजेने सांगतो, कधी प्रश्नच नीट ऐकू आलेला नसतो म्हणून सांगतो, आणि कधी आपण बहिरे आहोत हे त्याला खरोखरच ठाऊक नसते म्हणून सांगतो.

हे तिसरे कारण जरा समजून घेतले पाहिजे. आम्ही डॉक्टर नव्हे. जे सांगतो ते वाचून आणि कानांच्या डॉक्टरांना विचारून जमविलेले आहे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे १५,०००. ध्वनीची थरथर मेंदूकडे पोहोचविणे हे त्यांचे काम. गोंगाटाने त्या मरतात, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पहिल्याने मरतात त्या उंच, बारीक स्वरांच्या पेशी. म्हणजे माणसाला ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, बायकोने मारलेली हाकही ऐकू येते. जातात ती स, श, फ, थ, ख अशी वाऱ्यासारखी हलकी व्यंजने. स्वर तेवढे राहतात. 'साठ' म्हटले काय आणि 'आठ' म्हटले काय, त्याला सारखेच. म्हणून तो म्हणतो, 'ऐकायला येतंय हो, पण कळत न्हाई.' आपण हसतो. त्याने मात्र अगदी शास्त्रशुद्ध वर्णन केलेले असते!

अशा माणसाशी आपण ओरडून बोलतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात. गेलेली व्यंजने काही परत येत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम टोचतो. मग तो म्हणतो, 'ओरडता कशाला?' आणि आपण म्हणतो, 'बघा, हळू बोलावे तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोलावे तर राग येतो.' घरोघरी ही भांडणे चालतात.

आता आमच्या मागाच्या कारखान्याकडे येतो. इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत, सोलापुरात जेथे जुने धोट्याचे माग अजून चालतात, तेथे आत पाऊल टाकताच आवाज अंगावर येतो. तो १०० डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांना ९० ही मर्यादा घातली. नव्वद आणि शंभर यांत फरक थोडा वाटतो. पण दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते. पाळी आठ तासांची नव्हे, पुष्कळ ठिकाणी बारा तासांची. कानांत घातलेल्या कापसाच्या बोळ्याने विशेष काही अडत नाही. खरी बुचे दिली तर विणकर ती काढून ठेवतो, कारण मागाचा बिघाड तो कानानेच ओळखतो. यावर उपाय आहेत, पण तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

आम्हांस दाखवायचे आहे ते वेगळेच. त्या कारखान्यात कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि तरीही तेथे बोलणे अडत नाही! जॉबरला बोलवायचे, बीम संपले, चहा आला, मालक आले, या प्रत्येकाला हाताची एक खूण आहे. बोलायचे तर समोर येऊन, तोंड दाखवून, ओठ नीट हलवून बोलतात. मागून हाक कोणी मारत नाही. खांद्याला हात लावतात. रक्कम सांगायची तर बोटे दाखवतात किंवा खडूने लिहितात. हे कोणी शिकवावे लागत नाही. इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांतही विणकर बायका अशाच तोंड ताणताणून बोलत; त्या बोलण्याला तिकडे एक खास नावही पडले होते. तेथे न ऐकणारा आणि ऐकणारा एकाच पंगतीला बसतात, म्हणून तेथे कोणी बहिरा नाही. तोच माणूस पाळी सुटून फाटकाबाहेर आला की बहिरा होतो. कान तेच असतात. आत सगळ्यांनी मिळून केलेली सोय बाहेर कोणीच केलेली नसते.

ही सोय नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आमच्या संघटनेच्या कामातले आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. एका जुन्या विणकरावर ठपका आला की रात्रपाळीत तो झोपला, तारा तुटल्या असता माग चालू ठेवला, आणि कापड खराब केले. चौकशी झाली. जागा कोणती, तर कारखान्याला लागून असलेली कचेरी. भिंतीपलीकडे माग चालू, डोक्यावर पंखा चालू. चौकशी करणारे गृहस्थ कागदात मान घालून एकेक आरोप वाचत होते. प्रत्येक आरोपाला विणकर म्हणाला, 'हो साहेब.' खाली सही घेतली. आरोप कबूल, सबब कामावरून कमी.

तो आमच्याकडे आला तेव्हा आपण कशाला 'हो' म्हणालो हे त्याला माहीत नव्हते. आम्ही विचारले, 'पुन्हा सांगा असे का म्हणाला नाहीत?' तो म्हणाला, 'दोनदा इचारलं की दादा. तिसऱ्यांदा सायबाला कसं इचारायचं?'

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. बहिऱ्याचा होकार हा त्याचा बचाव असतो. 'बहिरट', 'कान फुटले काय', 'झोपलास काय' ही मुक्ताफळे त्याने जन्मभर ऐकलेली असतात. तेवढी त्याला बरोबर ऐकू येतात. नाटकात बहिरा म्हातारा आला की आपण हसायला तयार असतो. आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारा माणूस बहिऱ्याला 'जाऊ द्या, काही नाही' म्हणतो. हे 'जाऊ द्या, काही नाही' फार वाईट. घरातली बातमी, जेवतानाचा विनोद, सुनेचे सांगणे, नातवाचा प्रश्न यांतून माणसाला बाहेर काढायला ते पुरते. मग तो तिसऱ्यांदा विचारीनासा होतो, आणि 'हो' म्हणायला शिकतो.

त्या विणकराच्या कानांची तपासणी आम्ही करून घेतली आणि चौकशी पुन्हा घ्यायला लावली. या खेपेस खोली शांत निवडली. प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे ठेवले. चौथीपर्यंत शिकलेला असल्याने त्याला वाचता येत होते. झोपल्याचा आरोप त्याने साफ नाकारला. तारा तुटल्याचे कबूल केले आणि त्याचे कारणही सांगितले. थोडा दंड होऊन तो कामावर परत गेला. पहिल्या चौकशीत दुष्टपणा होता असे आम्ही म्हणत नाही. तेथे एक वही आणि एक पेन्सिल कमी पडली, आणि त्यापायी एक संसार रस्त्यावर यायचा होता.

आता आपल्या शहराच्या व्यवहारात ही वही-पेन्सिल कोठे कोठे कमी पडते ते पाहा. दवाखान्यात नंबर पुकारतात. फळ्यावर लिहीत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही तो दुपारपर्यंत बसून राहतो आणि वर बोलणी खातो. एस. टी. स्थानकावर गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा होते, ती नीट कानाच्या माणसालाही कळण्याची मारामार. बँकेत काचेच्या आडून बोलतात, आणि कारकुनाच्या मागे उजेड असला की त्याचे तोंड काळे दिसते. ओठ वाचायचे कसे? ओठ वाचणे ही सिद्धी नव्हे, हेही लक्षात घ्यावे. आरशासमोर उभे राहून 'पाया', 'बाया', 'माया' हे तीन शब्द आवाज न करता म्हणून पाहावेत. तिन्ही एकसारखे दिसतात. संदर्भावरून अटकळ बांधावी लागते, आणि दिवसभर अटकळी बांधून माणूस थकतो. २०२० च्या साथीत तोंडावर मुखपट्टी आली तेव्हा तर एवढा आधारही गेला.

'यंत्र का लावत नाहीत?' असे लोक विचारतात. यंत्र चांगले आहे, अवश्य लावावे. पण चष्मा लावला की अक्षर स्वच्छ दिसते तसे ते नाही. यंत्र माणसाचा शब्द मोठा करते तसा भांड्यांचा आवाज आणि पंख्याची घरघरही मोठी करते. कानात बसणारा साचा ज्याच्या त्याच्या मापाने करावा लागतो, यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागते, सेल बदलावे लागतात. शिबिरात यंत्र वाटून फोटो काढला की काम झाले असे मानणाऱ्या मंडळींनी सहा महिन्यांनी जाऊन पाहावे. पुष्कळ यंत्रे कपाटात सापडतील. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तपासणी आणि सल्ला तेथे शास्त्रोक्त मिळतो. तालुक्याच्या गावी असे काही जवळ नसते, ही खरी अडचण.

कायद्याचे काय? गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा धंद्यातून होणारा रोग आहे, हे मान्य झालेले आहे. कारखाने कायद्याने तो कळविण्यास बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात ज्याला कमी ऐकू येते असा माणूस म्हणजे दोन्ही कानांनी बोलण्याच्या स्वरांत ६० ते ७० डेसिबल गमावलेला. त्यापुढचा तो बहिरा. आमच्या विणकराचे खालचे स्वर शाबूत असतात, त्यामुळे सरासरी काढली की तो साठाच्या अलीकडेच राहतो. म्हणजे चौकशीत नोकरी जाण्याइतका तो बहिरा आहे, दाखला मिळण्याइतका नाही!

सार्वजनिक ठिकाणी दळणवळणाच्या सोयी असाव्यात असेही तो कायदा सांगतो. परंतु २०१७ च्या नियमांनी त्या शिफारशीसारख्या ठेवल्या होत्या. राजीव रतुरी यांच्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान सोयी सक्तीच्याच असल्या पाहिजेत. त्याच न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या वकील महिलेने खुणांच्या भाषेच्या दुभाष्यामार्फत काम चालविले. जे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जमते ते कारखान्याच्या कचेरीत आणि नगरपालिकेच्या खिडकीवर का जमू नये?

आणि व्याख्यानमालेत का जमू नये? सभागृहाभोवती एक तार फिरवून ती ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेला जोडतात. ज्याच्या श्रवणयंत्रात 'टी' ही कळ आहे, त्याला मग वक्त्याचा आवाज खोकला, खुर्च्या, पंखे वगळून थेट कानात मिळतो. या युक्तीचे पेटंट इंग्लंडात १९३७ साली झाले. तिकडे चर्चमध्ये, नाटकगृहांत, तिकिटाच्या खिडक्यांवर ती आहे. आपल्या चालकांनी खर्चाचा अंदाज काढावा. मंडपाच्या रोषणाईपेक्षा फार होईल असे आम्हांस वाटत नाही. तोवर पहिल्या दोन रांगा कानांनी अधू असलेल्यांसाठी राखाव्यात, दिवा वक्त्याच्या तोंडावर पडेल असा लावावा, आणि व्याख्यानाचे मुद्दे एका पानावर छापून दारात द्यावेत. हल्ली मोबाइलवर बोललेले मराठी अक्षरांत उमटते. आमच्या बोलीला आणि माणसांच्या नावांना ते अजून अडखळते, पण पडद्यावर दाखवायला हरकत नाही.

आमचा वेळ संपत आला. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटे आहेत असे चालक सांगतात. स्वयंसेवकांपाशी कागद आणि पेन्सिली दिलेल्या आहेत. प्रश्न लिहूनच द्यावेत, ऐकू येणाऱ्यांनीही. येथे फळा आणून ठेवला आहे. प्रत्येक प्रश्न त्यावर मोठ्या अक्षरांत लिहू आणि मग उत्तर देऊ. मागे बसलेल्यांपैकी ज्यांना पुढे यायचे असेल त्यांनी आताच यावे, जागा आहेत.