टोटोन्तेपेकचा मका



मक्याच्या ताटाच्या बुडाशी, जमिनीच्या जरा वर, मुळांची एक-दोन कडी दिसतात. ताट वाऱ्यात उभं राहावं म्हणून ती असतात, असं आपण धरून चालतो. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, सिएरा मिहे डोंगररांगेत टोटोन्तेपेक गाव आहे. तिथल्या मक्याला मात्र अशी आठ-दहा कडी येतात. ताट चांगलं पाच मीटर वाढतं. वरची मुळं जमिनीला टेकतच नाहीत, हवेतच लोंबतात आणि पाऊस पडला की त्यांच्यातून दाट, बुळबुळीत चीक गळतो.

तिथले अयूक, म्हणजे मिहे, शेतकरी हे बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखत आले. जमीन नत्राच्या बाबतीत गरीब, खताचा वापर नाममात्र, तरी मका हिरवागार. संशोधक हॉवर्ड-याना शापिरो यांनी 1980 च्या दशकात तो पाहिला. नीट उलगडा व्हायला 2018 उजाडलं.

किमया त्या चिकाची. त्यात साखर मुबलक आणि प्राणवायू कमी. हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची सोय त्यात आपसूक होते, कारण ज्या विकराच्या जोरावर ते हे काम करतात, ते प्राणवायूने निकामी होतं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या, नत्र बांधणाऱ्या गाठी आपल्या ओळखीच्या आहेत. पण मक्याने हे करावं? पाच वर्षं तिथल्या शेतात मोजमाप झालं. मक्याच्या एकूण नत्रापैकी 29 ते 82 टक्के हवेतून आलेला निघाला.

मग हा गुण संकरित वाणात आणायला अडचण काय? मुळांची कडी किती, मुळं किती जाड, चीक किती, हे एका जनुकाच्या हातात नाही. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. शिवाय हा मका पिकतो फार उशिरा. कडी हवीत, उशीर नको, अशी निवड करणं जिकिरीचं. आणि खरं सांगायचं, तर खताची गोणी हाताशी असताना मुळांकडे निरखून बघायची गरज तरी कुणाला वाटली?

संशोधनासाठी नागोया या आंतरराष्ट्रीय कराराच्या धर्तीवर गावाशी करार झाला, पुढे नफा झाला तर गावाला वाटा मिळावा म्हणून. त्यावर वादही झाले. हा मका शेजारच्या गावांतही पिकतो. करारावर सही मात्र एकाच गावाची.