चुना, वाळू आणि राहूचा गूळ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतर केलेल्या एखाद्या कामावर बोला, असं सेक्रेटरींनी मला सांगितलं. बँकेतला माणूस म्हणजे मुदतठेवींवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे चुन्यावर. पानाला लावतात तो नव्हे, दगडी भिंतीच्या बांधकामातला.

माझं गाव दौंड तालुक्यातलं राहू. मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधला हा राहू बेटाचा भाग ऊस आणि गुऱ्हाळांसाठी ओळखला जातो. तिथं आमचं जुनं घर आहे. भिंती खाली पुरुषभर काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, आणि वर पांढऱ्या मातीच्या.

१९८६ साली मला बढती मिळाली. हातात चार पैसे आले, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा मी सिमेंटनं भरून घेतल्या. जुना चुना जागोजागी झडला होता, ते मला बरं दिसेना. आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "अरे, भिंतीला घाम येतो. तो बाहेर पडायला वाट ठेव." मी हसलो. पदवीधर ना मी! सिमेंट पक्कं आणि चुना कच्चा, एवढंच मला ठाऊक.

चार-पाच पावसाळ्यांत आतल्या बाजूनं कमरेपर्यंत ओल चढली. लोणा लागला, गिलावा पापुद्र्यांनी गळायला लागला. आबा त्याच खोलीत झोपायचे. त्यांनी मुकाट्यानं आपली खाट माजघरात हलवली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढं ते गेले, आणि तुमचं बरोबर होतं, हे सांगायचं माझं राहूनच गेलं.

कारण मला फार उशिरा कळलं. आपला काळा दगड घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. जमिनीतून किंवा पावसानं भिंतीत शिरलेली ओल दगडांतून बाहेर पडत नाही, ती पडते दरजांतून. चुना सच्छिद्र असतो, म्हणून ती वाट मोकळी राहते. मी तीच वाट बाहेरून बंद केली होती. मग ओल आतल्या गिलाव्याकडे वळली.

निवृत्त झाल्यावर दिवाळीनंतर मी गावी जाऊन राहिलो. गावातले एक वयस्कर गवंडीमामा तयार झाले, पण एका अटीवर. "साहेब, माल तुम्ही कालवायचा. मी भरीन."

पहिले काही दिवस नुसतं छिन्नी-हातोडीनं सिमेंट काढणं चाललं. तोवर चुना भिजत घातला. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की पाणी अक्षरशः उकळतं. आधी पाणी, मग कळी, आणि तीही थोडी थोडी. पोरं लांब, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हा चुना तीन आठवडे पाण्याखाली ठेवला, तेव्हा तो लोण्यासारखा झाला.

मोठ्या कामाला पूर्वी चुन्याची घाणी असे. गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी ओढलेलं दगडी चाक. आमचं काम एका भिंतीचं, म्हणून हातानंच. एक घमेलं चुना, दोन घमेली धुतलेली वाळू आणि थोडी विटांची भुकटी. वाळूचं आळं करायचं, मधे चुना घालायचा आणि फावड्यानं वरखाली करत लाकडी धुमसानं कुटायचं. सुरुवातीला माल कोरडा दिसतो. मी पाण्याचा तांब्या उचलला, तर मामा ओरडले, "पाणी त्याच्या पोटात आहे, कुटा!" आणि खरंच, अर्धा तास कुटल्यावर तोच माल मऊ झाला. वरून पाणी घातलं असतं तर वाळताना तडे गेले असते.

मग गुळाचं पाणी आणि बेलफळाचा भिजवलेला गर घातला. गूळ अर्थात राहूच्याच गुऱ्हाळातला. त्यानं माल चिकट राहतो आणि सावकाश वाळतो. पहिल्या दिवशी मी उत्साहानं जास्त गूळ घातला. बादलीला मुंग्या लागल्या आणि माल दोन दिवस घट्टच होईना. मामा म्हणाले, "साहेब, हा माल आहे, पुरणपोळी नव्हे." थापीवर माल घेऊन थापी उलटी करायची, माल सुटला नाही की तो झाला.

दरजा ओल्या करून माल थराथरानं दाबून भरला आणि दोन आठवडे वर ओलं गोणपाट ठेवलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड! पण गती महिन्याला साधारण एखाद्या मिलिमीटरची. आम्हा बँकवाल्यांना चक्रवाढ कळते, ही वाढ मला तिथं कळली.

चुना कच्चा म्हणणाऱ्यांना मी खडकवासला दाखवतो. १८७९ साली पुरं झालेलं ते धरण दगड-चुन्याचंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागलं, तरी फुटण्याआधी ते काही तास टिकून राहिलं.

आपल्या सोसायटीच्या इमारती आरसीसीच्या आहेत. तिथं चुना वापरा, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की भिंतीवर ओल दिसली तर तिच्यावर काही थापण्याआधी पाणी येतं कुठून आणि जाणार कुठून, हे बघा. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडं दगडी घरं आहेत, त्यांनी सिमेंटचं पोतं फोडण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचारावं. आणि त्यानं सांगितलं तर हसू नये.

आमच्या भिंतीतली ओल उतरायला दोन उन्हाळे लागले. तिसऱ्या वर्षी आतला गिलावाही चुन्यातच केला. आबांची खाट मी स्वतः उचलून माजघरातून त्या खोलीत परत नेली. गावी गेलो की आता तिच्यावर मीच झोपतो.